‘गाडी कोण चालवत होतं?’

डॉक्टरांनी सीटी स्कॅनचं चित्र उघडून स्क्रीन माझ्या स्ट्रेचरकडे फिरवला आणि म्हणाले, "टिबिअल प्लेटो फ्रॅक्चर." माझा चेहरा बघून मग सोपं करून सांगितलं. नडगीच्या हाडाचं वरचं टोक सपाट असतं. मांडीचं हाड त्यावर टेकतं आणि दोघांचा मिळून गुडघा होतो. माझ्या डाव्या पायाचं ते सपाट टोक एका बाजूने दबून फुटलं होतं. नुसत्या प्लास्टरने भागणार नव्हतं. ऑपरेशन करून दबलेलं हाड वर उचलायचं, पट्टी आणि स्क्रू बसवायचे, आणि नंतर बरेच आठवडे तो पाय जमिनीला टेकवायचा नाही.

"पण ऑपरेशन लगेच नाही," ते म्हणाले. "आधी सूज उतरू दे. एवढ्या सुजेवर छेद घेतला तर जखम भरणार नाही."

म्हणजे निदान आठवडाभर पाय उंच ठेवून पडून राहणं आलं. तो आठवडा दुखण्यात गेला असता तर मी काही म्हटलं नसतं. तो गेला विम्याच्या क्लेमपायी. हाड मोडल्यावर काय करायचं ते डॉक्टर सांगतात. क्लेम करायचा की नाही, हे मात्र जो भेटायला येतो तो सांगतो. तुमच्यापैकी कुणावर अशी वेळ आली तर निदान थोडं आधी माहीत असावं, म्हणून हे लिहिते आहे.

आमची मखमलाबादला फुलशेती आहे. शेवंती, झेंडू आणि एका शेडमध्ये जर्बेरा. मिस्टर आणि मी दोघं मिळून बघतो. धाकटे दीर भास्कर एकलहऱ्याला वीज केंद्रात एका ठेकेदाराकडे सुपरवायझर आहेत. ते आणि त्यांची बायको जयश्री, म्हणजे माझी जाऊ जयू, नाशिक रोडला राहतात. जयू स्कूटर शिकली ती चाळिशी उलटल्यावर. त्याआधी कुठेही जायचं म्हटलं की भास्करभाऊजींची ड्युटी बघावी लागायची. गाडी हातात आल्यापासून बाई हवेत होती, आणि मला त्याचं कौतुकच होतं.

त्या दिवशी दिंडोरी रोडला नात्यात बारसं होतं. जाताना तिने मला घरून घेतलं. परत येताना एका बांधकामाजवळ रस्त्यावर बारीक खडीची कच पसरलेली होती आणि समोर कुत्रं आलं. तिने ब्रेक दाबला, गाडी घसरली. वेग फारसा नव्हता. जयूचा तळहात सोलवटला. माझा पाय गाडीखाली आला.

कॅज्युअल्टीत डॉक्टरांनी विचारलं, कशा पडलात? मी सांगितलं, जावेच्या मागे स्कूटरवर बसले होते. त्यांनी तसं केसपेपरवर लिहिलं. तेवढ्यात काउंटरवरच्या माणसाने मिस्टरांना विचारलं, एमएलसी करायची का? एमएलसी म्हणजे मेडिको-लीगल केस. अपघात, भाजणं, विषबाधा असं काही असलं की हॉस्पिटल पोलिसांना कळवतं, त्याची नोंद. मिस्टर शेतातून तसेच धावत आलेले, पायाला चिखल. पोलीस हा शब्द ऐकून ते नको म्हणाले. त्या घडीला मीही तेच म्हटलं असतं. तिथून सगळा गुंता सुरू झाला.

आमची कुटुंबाची पॉलिसी आहे आणि हप्ते आम्ही कधी चुकवले नाहीत. हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कवर एक मुलगी बसायची. तिने कॅशलेसचे कागद पाठवले. कॅशलेस म्हणजे हॉस्पिटलचं बिल कंपनी परस्पर भरते. दुसऱ्या दिवशी ती खोलीत आली आणि म्हणाली, "काकू, क्वेरी आलीय." क्वेरी म्हणजे कंपनीचा प्रश्न. हा शब्द मी पुढे इतक्यांदा ऐकला, की ती दारात दिसली तरी माझा गुडघा ठणकायला लागायचा.

कंपनीला एमएलसीची प्रत हवी होती. गाडी कोण चालवत होतं हे हवं होतं. आणि चालवणाऱ्याच्या लायसन्सची प्रत.

जयूचं शिकाऊ लायसन्स होतं. त्याची मुदत संपली होती आणि पक्क्या लायसन्सची टेस्ट आज देते, उद्या देते करत राहून गेली होती.

संध्याकाळी पॉलिसीचे एजंट आले. मिस्टरांचे जुने स्नेही. सफरचंदं घेऊन आले आणि स्टुलावर बसून अगदी शांतपणे म्हणाले, की ह्यात अवघड काही नाही. वहिनी बाथरूममध्ये घसरून पडल्या असं लिहून द्यायचं. सगळे तसंच करतात. केसपेपर बदलून घेऊ. मी विचारलं, उद्या कळलं तर? तर पॉलिसी रद्द होऊ शकते, हे त्यांनी सफरचंद कापता कापता सांगितलं, जणू टीव्हीचं रिचार्ज संपण्यासारखं काही असावं.

मिस्टरांनी डॉक्टरांना विचारून पाहिलं. डॉक्टर राउंडला आले होते. पायाची बोटं हलवून बघत होते. सूज आतल्या आत वाढली की रक्ताचा पुरवठा अडतो, त्याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात, म्हणून ते रोज बोटं बघायचे आणि बधिर वाटतंय का विचारायचे. मिस्टरांचं बोलणं त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"तुम्ही सांगितलं ते मी लिहिलं. आता ते खोडणार नाही," ते म्हणाले. "एमएलसी अजूनही करता येईल, उशीर का झाला ते लिहून. नाहीतर क्लेम करू नका. ऑपरेशन मात्र सूज उतरली की होणार. ते कशासाठीही थांबवायचं नाही."

एवढं बोलून ते पुढच्या पेशंटकडे गेले. इतक्या दिवसांत सरळ बोललेला हा पहिला माणूस. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण बरंच वाटलं.

त्यानंतर भास्करभाऊजी आले. ते बसले नाहीत. खिडकीपाशी उभं राहून त्यांनी सांगितलं, की गाडी त्यांच्या नावावर आहे. लायसन्स नसलेल्या माणसाला गाडी दिली म्हणून त्यांचंही नाव कागदावर येणार. आणि नेमका त्याच महिन्यात त्यांचा वीज केंद्रात शिरायचा गेटपास नव्याने करायचा होता, त्याला पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी लागते. नाव कुठे अडकलं तर ठेकेदार वाट बघत बसणार नाही, दुसरा माणूस घेईल.

"वहिनी, अर्धा खर्च मी देतो," ते म्हणाले. "पण क्लेम नको. घरातली गोष्ट घरात राहू द्या."

मिस्टरांनी मान हलवली. त्यांना धाकट्या भावाला नाही म्हणणं कधी जमलं नाही. मग एजंट काय म्हणाले, डॉक्टर काय म्हणाले, बँकेतली ठेव मोडायची की नाही, ह्यावर दोघं भाऊ माझ्या पलंगाच्या दोन्ही बाजूंना उभे राहून बोलत राहिले. मी मध्ये. पाय उशांच्या ढिगावर. पाणी हवं होतं, पण मध्ये बोलायला जागाच मिळेना. भेटायला आलेल्या माझ्या नणंदेने तिच्या शेजारणीचा क्लेम कसा नाकारला ते पहिल्यापासून सांगितलं. ती शेजारीण पित्ताशयाच्या खड्यांची. माझ्याशी त्याचा काय संबंध, हे मला आजही कळलेलं नाही.

ते सगळे गेल्यावर मी जवळजवळ ठरवून टाकलं होतं, की क्लेम नको. भरू आपण. पैशापेक्षा ही कटकट जड झाली होती. पोलीस नको, क्वेरी नको, भाऊजींच्या पोटावर पाय नको.

पण एक गोष्ट आत टोचत होती. जयू आली नव्हती. पहिल्या दिवशी स्ट्रेचरबरोबर आत आली, हाताला पट्टी बांधून घेतली, आणि त्यानंतर तिचं तोंड दिसलं नाही. फोनही नाही. सगळी दुनिया येऊन गेली, जिच्या मागे बसून मी पडले ती नाही. मला तिचा राग आला होता. खोटं कशाला सांगू, मनात वाईट विचार आले. सुटली आणि लांब झाली, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी खोलीत कुणी नव्हतं. मी तिला फोन लावला. पहिल्या रिंगलाच उचलला, म्हणजे हातातच असणार.

मी म्हटलं, "जयू, मेले की जगले ते तरी बघायला ये."

ती रडायला लागली. तिला यायचं होतं, रोज. भाऊजींनी सांगितलं होतं, हॉस्पिटलच्या दारात पाऊल टाकायचं नाही. तिथे गेलीस की कुणीतरी विचारेल, गाडी कोण चालवत होतं, आणि तू सांगून टाकशील. फोनसुद्धा करायचा नाही, वहिनीला त्रास होतो. वहिनीला त्रास होतो हे वाक्य माझ्या नावावर परस्पर खपवलं होतं.

मी तिला सगळं सांगितलं. एजंटांचं बाथरूम, डॉक्टरांचं उत्तर, भाऊजींचा अर्धा खर्च. तिला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. तिला वाचवायला आम्ही सगळे इतके दिवस धडपडत होतो आणि तिला कुणी एका शब्दाने सांगितलं नव्हतं. रागावली की जयू माहेरच्या बोलीवर जाते. तिचं माहेर सटाण्यापलीकडे, नामपूरजवळ.

"माले कोनी इचारं का, ताई?" ती म्हणाली. "गाडी मी चालवत होते ना? मग मला कोणी विचारलं का?"

नव्हतं विचारलं. मीही नव्हतं विचारलं.

मी तिला गेटपासचं परत समजावून सांगितलं. घाई करू नकोस म्हटलं. नुकसान तुमच्या घरचं होणार आहे, माझं नाही. ती ऐकत होती. मग म्हणाली, की ही गोष्ट लपवली तर ती जन्मभर लपलेलीच राहील, आणि प्रत्येक सणावाराला ती माझ्या पायाकडे बघून खाली मान घालून बसेल. ते तिला नको होतं. दंड झाला तर झाला.

तासाभराने ती रिक्षाने आली. नवऱ्याला सांगून आली, विचारून नाही. आधी माझ्या पायाकडे बघून तिने डोळ्याला पदर लावला, मग थेट खाली डेस्कवर गेली आणि त्या मुलीला सांगितलं, एमएलसी करा, गाडी मी चालवत होते.

मिस्टर शेतातून आले तोवर हे होऊन गेलं होतं. मी त्यांना एवढंच म्हटलं, की क्लेम करायचा, आणि जे झालं ते सांगून करायचा. ते खुर्चीत बसले. म्हणाले, "भास्करला मी काय सांगू?"

दुसऱ्या दिवशी हवालदार आले. मी आयुष्यात पोलिसांना जबाब दिलेला नव्हता. त्यांनी टोपी काढून खुर्चीवर ठेवली, आधी पाय कसा आहे विचारलं, मग कुणाविरुद्ध तक्रार आहे का विचारलं. तक्रार नाही म्हटलं. जसं झालं तसं सांगितलं. जयूने तिचं सांगितलं. लायसन्सचं विचारल्यावर तिने मुदत संपलेलं शिकाऊ लायसन्स पर्समधून काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, "ताई, दंड भरावा लागेल. गाडीमालकालापण." तिने मान हलवली. आम्ही आठवडाभर ज्याला घाबरत होतो ते चहा निवायच्या आत संपलं.

आता कंपनीला सगळं मिळालं असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पुढची क्वेरी आली, की रुग्णाने मद्यप्राशन केलं होतं का, तसं डॉक्टरांचं पत्र द्या. मी बारशाहून येत होते. घुगऱ्या आणि पेढा खाऊन. डॉक्टरांनी न हसता तसं पत्र दिलं. मग आली, की हाडं आधीपासून ठिसूळ होती का. मग, की ऑपरेशन खरोखर गरजेचं आहे का. ही क्वेरी आली तेव्हा मला ऑपरेशन थिएटरचा हिरवा झगा घालून बसवलं होतं. ती डेस्कवरची मुलगी ती सांगायला आली आणि मी तिच्यावर ओरडले. नंतर तिची माफी मागितली. तिची काय चूक. ती बिचारी दिवसभर प्रत्येक खोलीत हेच सांगत फिरायची.

ऑपरेशन पाठीत इंजेक्शन देऊन केलं, त्याला स्पायनल ॲनेस्थेशिया म्हणतात. कमरेखाली काही कळत नाही, पण आवाज ऐकू येतात. सुताराच्या दुकानात बसल्यासारखं वाटलं. भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगते, त्या दोन-अडीच तासांत कुणीही माझ्याकडे एकही कागद मागितला नाही, ह्याचंच सुख होतं.

मंजुरी आली ती डिस्चार्जच्या दिवशी. सकाळी डॉक्टरांनी घरी जा म्हटलं. अंतिम मंजुरीचा मेल यायला दिवस मावळला. खोली रिकामी करून दिली होती, म्हणून मी लॉबीत व्हीलचेअरवर, पाय समोरच्या खुर्चीवर, मांडीवर औषधांची पिशवी. जयू शेजारी. क्लेम मंजूर झाला, थोडी काटछाट करून. हातमोजे, कापूस असलं काहीबाही आम्हाला भरावं लागलं. बाकी बिल कंपनीने भरलं, ठेव मोडावी लागली नाही. एवढं मिळालं ह्याचा आनंद व्हायला हवा होता. मी इतकी दमले होते, की रिक्षात बसवताना मिस्टरांना म्हटलं, परत कधी काही झालं तर मला घरीच राहू द्या.

भाऊजींना जी भीती होती ती निम्मी खरी ठरली. पडताळणी लांबली. ठेकेदाराने त्यांच्या जागी दुसऱ्याला घेतलं. पास झाल्यावर ते परत कामावर लागले, पण सुपरवायझर म्हणून नाही, शिफ्टवर. ते माझ्याशी बोलायचे बंद झाले. दिवाळीला आले नाहीत. मिस्टर एकदा नाशिक रोडला जाऊन आले आणि काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

म्हणून मी कुणाला छातीठोकपणे सांगू शकत नाही, की आम्ही केलं तेच बरोबर. एवढं नक्की सांगेन. कॅज्युअल्टीत एमएलसीचं विचारलं तर घाबरून नको म्हणू नका. पहिल्याच दिवशी झाली असती तर आमचं अर्धं रामायण टळलं असतं. बाथरूममध्ये पडलो असं लिहायला सांगणारे लोक चांगलेच असतात, तुमच्या भल्याचंच बोलतात, पण कंपनीला उत्तर त्यांना द्यायचं नसतं. आणि क्लेममुळे घरातल्या दुसऱ्या माणसाचं काही बिघडणार असेल तर त्या माणसाला समोर बसवून विचारा. त्याच्या वतीने ठरवू नका. ते मला पलंगावर पडल्या पडल्या पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं.

घरी आल्यावरचे आठवडे लांब गेले. पाय टेकवायचा नाही, पण गुडघा वाकवायचा, नाहीतर तो आखडतो. फिजिओथेरपिस्टने व्यायाम शिकवले आणि ते रोज करून घ्यायला जयू यायची. टाच धरून हळूहळू वाकवायची. मी शिव्या द्यायचे, ती ऐकायची. आमच्या दोघींत आधी नव्हतं असं काहीतरी ह्या दिवसांत झालं. जावा असून आम्ही आधी एकमेकींशी जपून बोलायचो. आता ती मला सांगते, की भाजीत मीठ जास्त झालंय.

शिफ्ट असेल तसं भाऊजी तिला मोटरसायकलवर सोडायचे. गाडी फाटकाबाहेर थांबायची, ती उतरायची, गाडी वळून जायची. इतके दिवस आतून फक्त आवाज ऐकू यायचा.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी नवा एक्स-रे बघून अर्धा भार टाकायला परवानगी दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वॉकर धरून अंगणात आले. शेवंतीच्या वाफ्यापर्यंत गेले. तेवढ्यात मोटरसायकल आली. जयू उतरून आत गेली. मी फाटकापाशीच होते, मागे वळायला मला वेळ लागतो. भाऊजींनी गाडी बंद केली नाही. हँडलवर हात ठेवून माझ्या पायाकडे बघत राहिले.

"टेकवताय का आता?" त्यांनी विचारलं.

"अर्धा भार," मी म्हटलं.

"सावकाश टाका. घाई करू नका."

मी हो म्हटलं. त्यांनी गाडी वळवली आणि गेले. मी वॉकर फिरवला आणि आत यायला निघाले, एकेक पाऊल, ते म्हणाले तसं.